कवळीबाई आणि पंखवाला घोडा

माफीनामा चक्क टाइप करून आला होता. तिनं खाली फक्त सही करायची आणि रविवारी प्रदर्शनाच्या उद्घाटनाला तो चारचौघांत वाचून दाखवायचा, नाहीतर नाणेसंग्राहक मंडळातून नाव कमी. 'माझ्या अज्ञानामुळे माननीय अध्यक्षांच्या दुर्मीळ नाण्याविषयी मी जे अनुदार उद्गार काढले...' अनुदार उद्गार म्हणे! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कागद टेबलावर आपटून ती कामाला बसली, कारण दुपारच्या आत डॉक्टरांकडे दातांच्या चार कॅपा पोचवायच्या होत्या.

दातांची लॅब तिची स्वतःची. दवाखान्यामागची एक खोली, तिच्यात भट्टी, मेणाच्या वड्या आणि फळीवर रांगेनं मांडलेले गिऱ्हाइकांचे प्लास्टरचे जबडे. मेणाचा दात कोरायचा, त्यावरून साचा करायचा, साच्यात वितळलेला धातू सोडायचा आणि थंड झाला की भिंगाखाली धरायचा. धातूत हवेचा बुडबुडा अडकला तर टाचणीच्या टोकाएवढा खळगा राहतो. असा एक खळगा दिसला की ती कॅप भंगारात. सत्तावीस वर्षं ती हेच करत होती, आणि या बाबतीत तिनं कुणाचीही भीड ठेवली नव्हती.

नाण्यांचा नाद याहून जुना. जुनी ग्रीक आणि रोमन, तीसुद्धा त्यांच्या पुराणातल्या देवांची आणि राक्षसांची. सिंहाचं कातडं डोक्यावर ओढलेला हर्क्युलिस, केसांच्या जागी साप असलेली मेडुसा, दोन तोंडांचा जेनस. जेनसला बघून तिचे बाबा म्हणाले होते, "अगं, हा तर आमचा डेपो मॅनेजर! साहेबापुढे एक तोंड, आमच्यापुढे दुसरं." बाबा निवृत्त बस कंडक्टर. आता तिच्याच घरी असायचे आणि तिच्या नाण्यांवर तिच्याइतकाच हक्क सांगायचे.

मंडळात ती एकटीच बाई. पाठीमागं सगळे तिला कवळीबाई म्हणत, हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणू देत मेले! त्यांच्यातल्या निम्म्यांच्या कवळ्या तिनंच तर केल्या होत्या.

तर गेल्या बैठकीत अध्यक्षांनी आपलं नवं नाणं सगळ्यांच्या हातांतून फिरवलं. चांदीचं. एका बाजूला पंखवाला घोडा, पेगॅसस, आणि दुसऱ्या बाजूला शिरस्त्राण घातलेली अथीना. सगळ्यांनी वाहवा केली. तिच्या हाती आलं तेव्हा तिनं सवयीनं पर्समधलं भिंग लावलं, आणि घोड्याच्या पोटाखाली तिला तिचे रोजचेच खळगे दिसले.

"अहो, हे साच्यात ओतलेलं आहे," ती म्हणाली. "त्या काळी चांदीची चकती दोन ठशांमध्ये ठेवून हातोडा मारायचे. ठोकलेल्या नाण्यात बुडबुडे येतील कुठून?"

अध्यक्ष हसले. "बाई, तुम्ही दात बघा. नाणी आम्ही बघतो."

औषधांचं दुकान चालवणारा केमिस्ट सोडला तर सगळे फिदीफिदी हसले. तिनं रात्रंदिवस घासून बसवलेल्या कवळ्याही हसल्या! तिच्या डोक्यात तिडीक गेली ती यानं. अध्यक्षांचं एक वेळ ठीक, पण तुम्हीसुद्धा? पुढच्या आठवड्यात हा माफीनामा दारात.

सही तर ती करणार नव्हतीच. खरं नाणं शेजारी ठेवून दाखवू, मग बघू कोण हसतं, असं तिनं ठरवलं. आणि खरा पेगॅसस तिच्याकडे होता. ती नववीत असताना बाबांनी आणला होता. "दोन हजार वर्षांचं आहे, पोरी," असं म्हणून त्यांनी तो तिच्या हातावर ठेवला, आणि बाकीचं सगळं वेड तिथून सुरू झालं. त्या नाण्याला तिनं कधी भिंग लावलं नव्हतं. लावायचं कशाला? बाबांनी पस्तीस वर्षं गर्दीत उभं राहून तिकिटं फाडली. खोटं नाणं त्यांच्या बोटांना न बघता कळायचं, असं अख्खा डेपो सांगायचा.

संध्याकाळी तिनं प्रदर्शनाचं पत्रक समोर ठेवलं. त्यावर अध्यक्षांच्या नाण्याचा पानभर मोठा फोटो होता. शेजारी बाबांचं नाणं ठेवलं आणि भिंग लावलं. घोड्याच्या मागच्या पायाशी कडेला एक चीर होती. फोटोतही तिथंच, तशीच वाकडी. पंखाचं टोक दोन्हीकडे एकाच जागी कापलं गेलं होतं. हातोड्यानं ठोकलेली दोन नाणी अशी सारखी तडकत नाहीत, जन्मात नाही. आणि पोटाखाली तेच खळगे. दोन्ही एकाच साच्यातून निघालेली होती.

"गाढव आहेस तू, गाढव!" ती स्वतःलाच मोठ्यांदा बोलली. परक्यांच्या दाढा भिंगाखाली धरतेस आणि घरातलं नाणं बत्तीस वर्षं डोळे मिटून कुरवाळतेस! मग तिला विकणाऱ्याचा राग आला. मग क्षणभर बाबांचाही आला, आणि तो आला म्हणून पुन्हा स्वतःचा.

आता सही केली तर बाबांचं नाणं खरं राहत होतं. नाही केली तर अध्यक्षांचं खोटं सिद्ध करायला तेही भर सभेत खोटं ठरवावं लागणार होतं, आणि तेही बाबांसमोर, कारण ते येणारच होते.

रविवारी सकाळी ते शर्टाला इस्त्री करत होते.

"बाबा, आपल्या नाण्याचं जरा बोलायचं होतं."

"बोलतेस काय, घेऊन चल! नाक वर करून दाखव त्या अध्यक्षाला. म्हणावं, खरं कसं असतं ते बघ."

हो म्हणून ती चपला शोधायला गेली.

वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये झाडून सगळे जमले होते. बाबा पहिल्या रांगेत. अध्यक्षांनी माईक तिच्या हातात देत म्हटलं, "वाचा बाई, लाजायचं कारण नाही."

लाजायचं कारण नाही! हे ऐकलं आणि तिचा उरलासुरला संकोच रागात बुडाला. तिनं माफीनामा टराटरा फाडला, अध्यक्षांच्या नाण्याची काचपेटी उघडायला लावली आणि आपलं नाणं त्याशेजारी ठेवलं. चीर दाखवली. पंख दाखवला. भिंग आधी केमिस्टच्या हातात दिलं, कारण अख्ख्या मंडळात तोच एकटा त्या दिवशी हसला नव्हता. तो बराच वेळ वाकून बघत राहिला.

"बाई बरोबर बोलताहेत," तो म्हणाला.

"म्हणजे तुमचंही खोटंच की!" अध्यक्ष ओरडले.

"हो, खोटंच आहे! दोन्ही खोटी आहेत. आता माफीनामा तुम्ही लिहा, आणि तोही टाइप करून!"

हॉलमध्ये हशा पिकला, या खेपेला अध्यक्षांवर. ती जिंकलेल्या तोंडानं वळली, तर बाबा टेबलापाशी येऊन उभे होते. त्यांनी आपलं नाणं उचललं. अंगठा आणि बोटाच्या मध्ये धरून ते चोळत राहिले, बसमध्ये चोळायचे तसंच. पुन्हा चोळलं.

"मी त्याला दोनदा विचारलं होतं," ते म्हणाले.

"कुणाला, बाबा?"

"दुकानदाराला. खरं आहे ना, म्हणून. म्हणाला, पोरीसाठी नेताय ना, मग तुम्हाला फसवीन का मी?"