रुमालाखालचे मार्क

तमाम नागरिकांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, ऑर्किडच्या फुलाला ओठ असतो. हा ओठ पाहून फुलाला शंभरपैकी मार्क देऊ शकेल असा सरकारी माणूस अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात एकच होता. तो मी. ही बातमी वाचून ज्यांची छाती दडपली असेल त्यांनी घोटभर पाणी प्यावं आणि मग पुढे यावं.

तर मी बोराडे साहेबांच्या केबिनमध्ये उभा होतो. बोराडे साहेब म्हणजे कृषी खात्यातले माझे बॉस. त्यांनी एक टाइप केलेला कागद माझ्यापुढे सरकवला.

"वाचा."

"काय आहे सर?"

"निकाल."

"सर, प्रदर्शन तर परवा आहे."

"म्हणून तर आजच टाइप करून घेतला. ऐन वेळी धावपळ नको."

कागदावर लिहिलं होतं: जिल्हा पुष्प व भाजीपाला प्रदर्शन, ऑर्किड विभाग, प्रथम क्रमांक. पुढे बड्या साहेबांच्या, म्हणजे बोराडे साहेबांच्याही साहेबांच्या, मिसेसचं नाव. खाली परीक्षकाची सही अशी मोकळी जागा. परीक्षक पुन्हा मीच.

परभणीपासून वेगळा होऊन आमचा जिल्हा तेव्हा नवा कोरा होता. नव्या जिल्ह्याला सगळंच स्वतःचं हवं असतं. ऑफिसं, पाट्या, शिक्के. मग कुणाच्या तरी मनात आलं की पुष्प प्रदर्शनही हवं. आता आमच्याकडे पिकते हळद. ऑर्किड हे थंड, दमट हवेतलं प्रकरण. पण वरून आलेल्या छापील नमुन्यात ऑर्किड विभाग होता, म्हणून तो आमच्याकडेही झाला. मला ऑर्किड कळायचं कारण एवढंच की, पूर्वी एकदा बंगलोरला पंधरा दिवसांचं ट्रेनिंग निघालं आणि त्या पंधरा दिवसांत ऑफिसातल्या बाकी सगळ्यांच्या घरी लग्नं होती.

ऑर्किड विभागात एंट्री आल्या दोन. एक मॅडमची. दुसरी सेनगाव तालुक्यातल्या साखऱ्याजवळच्या तांड्यावरच्या कमळाबाई राठोड यांची.

आणि बक्षीस? तिथेच खरी मेख होती. त्या वर्षी जिल्ह्याला प्रात्यक्षिकासाठी एकच शेडनेट मंजूर होतं. शेडनेट म्हणजे लोखंडी सांगाड्यावर ताणलेली हिरवी जाळी. तिच्याखाली ऊन निम्मं होतं. ज्याचं ऑर्किड पहिलं, त्याच्या जागेत ते उभं राहणार. मॅडमना ते बंगल्याच्या लॉनवर हवं होतं. त्याच्या सावलीत संध्याकाळचा चहा छान होईल, असं त्या बोलल्याचं बोराडे साहेबांनीच मला कौतुकाने सांगितलं.

"आणि हो," मी दाराशी पोचल्यावर ते म्हणाले, "तुमच्या बदलीची फाइल माझ्याच टेबलावर आहे. सहज सांगितलं."

सहज सांगितलेल्या गोष्टी माणूस विसरत नाही.

प्रदर्शनाच्या सकाळी कमळाबाई सर्वांच्या आधी मंडपात हजर. सेनगावहून एसटीने आल्या होत्या. सीट मिळाली होती, पण तिच्यावर कुंडी बसवली आणि स्वतः हिंगोलीपर्यंत उभ्या. कुंडी मातीची, आत कोळसा, विटांचे तुकडे आणि नारळाच्या शेंड्या. त्यातून उसाच्या कांडीसारखे चार दांडे वर आलेले आणि एका दांड्याच्या टोकाला जांभळ्या फुलांचा तुरा. डेंड्रोबियम जातीचं ऑर्किड. तेही हायब्रिड.

"बाई, हे तुमच्याकडे आलं कसं?"

"मालक पुण्याकडं नर्सरीत कामाला व्हते ना साहेब. तिथं उकिरड्यावर फेकलं व्हतं. म्या म्हनलं, जीव हाय अजून. घेऊन आले पदरात."

"आणि उन्हाळ्यात?"

त्यांनी कुंडी सावलीकडे सरकवली. मग म्हणाल्या, "ह्याला पिलं येतात बुंध्याशी. गेल्या साली बारा वेगळी करून लावली. लिंबाखाली ठेवली, रांजणाच्या ओलीला ठेवली. सात जळाली. ती जाळी भेटली तर बाकीची जगतील. न्हाई भेटली तर न्हाई जगत. एवढंच हाय बघा."

एवढंच होतं. मी कागद घातलेल्या खिशावर हात ठेवला.

दुसरे परीक्षक होते बन्सीशेठ. हळदीचे जुने व्यापारी, मंडप त्यांनीच दिला होता, म्हणून परीक्षकपदही त्यांना दिलं. माणूस सरळ, पण हाताला एक सवय जडलेली. मार्केटात हळद पारखायची तर ढिगातलं हळकुंड उचलायचं आणि मोडायचं. कडक आवाज आला, आतून केशरी निघालं, माल चांगला. लवलं तर ओलं. चाळीस वर्षं त्यांनी हेच केलं. त्यामुळे भाजीपाला विभागात दहा मिनिटांत त्यांनी तीन दोडके, दोन मुळे आणि पहिल्या नंबराचं वांगं मोडलं. गुलाब विभागात गेलो, तर टप्पोऱ्या गुलाबाची मान कट्‌कन मोडून ते म्हणाले, "माल ताजा हाय."

गुलाबवाले गुरुजी तिथेच खाली बसले.

"शेठ," मी हात जोडले, "पुढचा ऑर्किड विभाग. तिथे मोडायचं नाही. नियम आहे."

"मोडल्याबिगर आतलं कसं कळतं हो?"

"बाहेरूनच बघायचं."

"बाहेरून तर समदंच चांगलं दिसतं," ते म्हणाले. पण हात मागे बांधून घेतले.

आता थोडं शास्त्र. घाबरू नका, हिंगोलीच्या हिशेबाने सांगतो.

हायब्रिड म्हणजे दोन वेगळ्या जातींच्या झाडांचं लग्न लावून झालेलं लेकरू. अशा फुलाला मार्क देताना आधी त्याचे आईबाप आठवायचे. लेकरू दोघांपेक्षा सरस हवं. नाहीतर ते लग्न कशाला लावलं? मग बघायचा आकार. फूल समोरून भरलेलं आणि सपाट दिसलं पाहिजे, पाकळ्यांमध्ये फटी नकोत. मग रंग स्वच्छ हवा, डागाळलेला नको. मधली पाकळी वेगळ्या घडणीची असते, तोच तो ओठ. त्याचा रंग बाकी फुलाहून उठून दिसला पाहिजे. मग पाकळीची जाडी. ट्रेनिंगमध्ये याला सब्स्टन्स म्हणत. बोट न दाबता नुसतं टेकवायचं. पाकळी नव्या जाड कागदासारखी ताठ लागली तर उत्तम; लाटलेल्या ओल्या पापडासारखी लागली तर मार्क कापायचे. शेवटी तुऱ्यावरची मांडणी. फुलं शहाण्या मुलांसारखी एकाच दिशेला तोंड करून, एकमेकांना न ढकलता उभी हवीत.

कमळाबाईंच्या फुलाने हे सगळं पाळलं होतं. तळातलं एक फूल एसटीत दुमडलेलं. बाकी बंगलोरला ठेवलं असतं तरी मान खाली घालावी लागली नसती.

मग मी मॅडमच्या कुंडीकडे वळलो आणि मला ठसका लागला.

कुंडी चिनी मातीची. कडेला मॅडम, रेशमी साडीत. मागे त्यांचे ड्रायव्हर शेषराव, वीस वर्षं नोकरीत, मालकांवर फार जीव. बाजूला फाइल घेऊन बोराडे साहेब. आणि कुंडीत काय? खाली रुंद, जाड, जिभेसारखी पानं. ती फॅलेनॉप्सिस या ऑर्किडची. आणि त्या पानांमधून वर आलेला तुरा होता डेंड्रोबियमचा.

ज्यांना यात काही वावगं वाटलं नाही त्यांच्यासाठी सांगतो: मिरचीच्या झाडाला वांगं लागलं होतं.

"सुंदर," बोराडे साहेब म्हणाले. ते त्या फुलाकडे नाही, मॅडमकडे बघून म्हणाले.

मी परीक्षकाचा आवाज काढला. "मॅडम, पाणी कसं देता?"

"रोज बादलीभर. मी स्वतः. म्हणजे माळी असतोच."

"आणि कुंडीत काय भरता?"

"काळी माती. आपल्याकडची पौष्टिक असते ना."

आता ऑर्किड राहतं झाडांच्या सालीवर, मुळं हवेत सोडून. काळ्या मातीत ते आठवडाभरात कुजतं. मी हे गिळलं. पण मागून कमळाबाईंच्या तोंडून निघून गेलंच, "अवं माय! मातीत? मरंल की ते!"

"तुम्हाला विचारलंय का?" बोराडे साहेब गरजले.

"न्हाई साहेब."

"मग?"

"मग काई न्हाई. मरंल एवढंच म्हनलं."

बोराडे साहेब माझ्या कानाशी आले. "सही करा. कागद काढा."

मी कागद काढला. पेनही काढलं. खोटं कशाला सांगू, टोपणही काढलं. डोळ्यांसमोर फाइल नाचत होती आणि मुलगी त्या वर्षी दहावीला होती. मोठ्याने 'हे फूल खुपसलेलं आहे' म्हणायची माझी छाती नव्हती. सही करायची हिंमतही होईना. मी पेन हातात धरून उभा, जशी काही शाईच गोठली होती.

बन्सीशेठनी माझ्याकडे पाहिलं. सौद्यात अडकलेला माणूस त्यांना लांबून ओळखू येतो.

"थांबा बोराडे साहेब. दोन परीक्षक हाईत. आमचा आपसात भाव ठरू द्या की."

आणि त्यांनी खांद्यावरचा रुमाल माझ्या हातावर पसरला.

बैलबाजार ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे माहीत आहे. भाव चारचौघांत बोलत नाहीत. रुमालाखाली हात घालतात आणि बोटं दाबून सांगतात. पंजा दाबला की पाच, वर जेवढी बोटं दाबाल तेवढे वाढले. मूठ मिटून घेतली तर सौदा रद्द. ओठ हलत नाहीत, साक्षीदार नसतो आणि भित्र्या माणसालाही खरं बोलता येतं. इतकी सभ्य पद्धत आमच्या खात्यात का नाही, हे मला आजही समजलेलं नाही.

"एका बोटाला धा मार्क धरा," शेठ हळूच म्हणाले. "ह्या बाईच्या फुलाला?"

मी त्यांचा पंजा दाबला. वर तीन बोटं. ऐंशी.

शेठनी मान डोलावली. "आन्‌ मॅडमच्या?"

बोराडे साहेब फाइलीवर बोटांनी ताल धरून राहिले होते. मॅडम हसत होत्या. रुमालाखाली मी मूठ मिटली.

शेठचे डोळे मोठे झाले. त्यांनी पुन्हा माझी बोटं चाचपली. मूठच. एक बोटसुद्धा नाही.

गुप्त सौद्याचा नियम त्यांनी आयुष्यात त्या दिवशी पहिल्यांदा मोडला. "मूठ?" ते सगळ्या मंडपाला ऐकू जाईल असे ओरडले. "काहून हो साहेब? एवढा चांगला माल! बघू तरी आतून!"

"शेठ, मोडू नका!" मी ओरडलो. मनापासून ओरडलो की उगाच, ते विचारू नका.

त्यांनी मॅडमच्या तुऱ्याचा दांडा हळकुंडासारखा दोन बोटांत धरला आणि झटका दिला. कट्‌ असा आवाज व्हायला हवा होता. तो झालाच नाही. दांडा न मोडता अख्खाच्या अख्खा वर आला. त्याच्या बुडाला मूळ नव्हतं. बुडाला होती बोटाएवढी प्लास्टिकची नळी, रबरी टोपण लावलेली. परदेशातून विमानाने येणाऱ्या कापलेल्या फुलांना वाटेत प्यायला पाणी देतात, ती. टोपण सुटलं आणि ते परदेशी पाणी बन्सीशेठच्या धोतरावर सांडलं.

मंडपात शांतता पसरली. त्या शांततेत एक जण एक वाक्य बोलला. ते मी शेवटासाठी राखून ठेवलं आहे, कारण त्यानंतर कुणालाच काही बोलण्यासारखं उरलं नव्हतं.

आधी निकाल सांगतो. मॅडमना अचानक घरच्या एका महत्त्वाच्या फोनची आठवण झाली. बोराडे साहेबांनी व्हाइटनर मागवला. टाइप केलेला कागद वाया घालवणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं, म्हणून नावावर पांढरा थर देऊन त्यावर पेनने कमळाबाईंचं नाव घातलं. मी सही केली. थर वाळायच्या आत केली, न जाणो.

जाळी मार्चअखेर आली. एरवी आमच्या खात्यात ती पावसाळ्यानंतर आली असती, पण हे प्रकरण फाइलबंद व्हायची बोराडे साहेबांना घाई होती. माझीही बदली झाली. शिक्षा म्हणून सेनगावला. त्यामुळे साखऱ्याच्या तांड्यावर शेडनेट उभं करायचं काम सरकारने माझ्याच गळ्यात घातलं. खांब रोवताना कमळाबाई पिलांच्या पाचही कुंड्या पदराने झाकून बसल्या होत्या. त्या उन्हाळ्यात एकही जळाली नाही.

बन्सीशेठना पुढल्या वर्षी कुणी परीक्षक केलं नाही. मी मात्र नियमावली पुन्हा वाचून काढली. 'फूल मोडू नये' असं तिच्यात आहे. 'ओढू नये' असं कुठेही नाही. तेव्हापासून कुठलंही फूल पारखायचं असलं की मी आधी बूड बघतो, मग ओठ.

आता ते वाक्य. शेठच्या हातात दांडा, धोतरावर पाणी, मॅडमचा चेहरा कुंडीसारखा पांढरा. ते पाहून वीस वर्षांच्या इमानी शेषरावांना राहवलं नाही. गर्दी सारून ते पुढे आले आणि मॅडमना धीर द्यायला खणखणीत आवाजात म्हणाले,

"फिकीर करू नका मॅडम, गाडीत अजून चार काड्या हाईत, आत्ता दुसरी आणून खुपसतो!"