काशाची टकली बाई

आमच्या घरात काशाची एक टकली बाई आहे. भिंतीतल्या देवळीत बसून असते, खातपीत काही नाही, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. नवा पाहुणा आला की आधी तिच्यापुढं हात जोडतो आणि मग हळूच विचारतो, "कोणती देवी म्हणायची ही?" तेवढ्यात आमची गिरिजा पदर तोंडाला लावून आत पळते. कारण ती देवीबिवी कुणी नाही. ती गिरिजाच आहे!

निजामाच्या राज्यातली गोष्ट. मी तामलवाडीचा, नुकती मिसरूड फुटलेला. शाळा उर्दूत झाली आणि कविता मराठीत करायचो (त्यामुळं दोन्हीकडून कच्चा). उमरग्याला एका लग्नाला गेलो तेव्हा मांडवामागं बायका शेवया करत होत्या. त्यात एक पोरगी पाटावर शेवई अशी ओढत होती की दोऱ्यानं लाजावं. केसांची एक बट सारखी डोळ्यांवर येई आणि ती पिठाच्या हातानं मागं सारी. मी जेवायचं विसरलो. (आमच्या घराण्यात हे पूर्वी कधी झालं नव्हतं.) घरी आल्याआल्या कविता केली:

"पाटावरी ओढी शेवई सुंदरा,
केस तिचे वाऱ्यावरी घेती भरारा!"

हसू नका. त्या वयात मला ती थोर वाटली होती.

माझ्या वडिलांनी, अप्पांनी, गिरिजाच्या वडिलांकडं शब्द टाकला. ते उमरग्याचे मोठे आडते, आमच्यासारखेच लिंगायत. घरात कानडी, दुकानात मराठी आणि दोन्हीकडं हातात तराजू.

"पोरगं करतंय काय?" त्यांनी विचारलं.

अप्पांनी खाली मान घालून सांगितलं, "कविता करतंय."

"कविता? वजन किती भरतंय तिचं?"

सगळी आडत खो खो हसली. अप्पा घरी येऊन मला जे बोलले ते इथं लिहिता येत नाही. तरी ते गृहस्थ दिलदार. "घर बघायला येतो. पण पोरीचा मामा राजी पाहिजे," एवढं म्हणाले. तिथंच खरी मेख होती. आमच्याकडं भाचीवर मामाचा पहिला हक्क. मल्लप्पामामाला गिरिजा आपल्या पोरासाठी हवी होती. मामानं हक्क सोडायचा म्हणजे नवऱ्याच्या घरी ताटातला विडा उचलायचा. एकदा विडा उचलला की लग्न ठरलं, तोंडानं काही बोलायची गरज नाही. आणि मामा तर विडा न उचलण्यासाठीच येणार होता, हे उमरग्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

मी हट्टाला पेटलो. सासऱ्याला वजन पाहिजे ना? मग कविताच काशात ओतायची! पाटापुढं बसलेली शेवईवाली आणि तिचे भरारणारे केस. गावात रामाकाका वतारी होता. नंदी, टाक, घंटा ओतायचा आणि त्याहून जास्त बाता मारायचा.

"कविता ओतायची? त्यात काय! म्या वारासुदिक ओतला आस्ता," तो म्हणाला. "पर केसांसाठी मेणाच्या बारीक तारा लागत्यात. तेवढ्या आणा."

त्याची रीत अशी की आधी मातीवर मेणाची मूर्ती करायची, तिच्यावर पुन्हा माती लिंपायची आणि भट्टीत घालायची. मेण वितळून निघून जातं आणि त्या रिकाम्या जागेत कासं जाऊन बसतं. आता केसासारख्या मेणाच्या तारा कोण काढणार? माझी आई, आमची अव्वा! तिच्या शेवयांना पंचक्रोशीत तोड नव्हती.

"माझ्या पाटावर मेण? मुडद्या, बाटंल की पाट!"

"अव्वा, सून पाहिजे का न्हाय?"

अव्वा पाट घेऊन उन्हात गेली. राळ घातलेलं मेण उन्हात मऊ करून तिनं तारा ओढल्या, त्याही शेवयांच्याच काठीवर वाळत घातल्या. दोन्ही पिवळ्या, दोन्ही बारीक. मग शेवया एका पितळी डब्यात गेल्या, तारा दुसऱ्या पितळी डब्यात, आणि दोन्ही डबे फळीवर शेजारी शेजारी बसले. (तुमच्या लक्षात आलं ना? माझ्या आलं नाही.)

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी मी फळीवरचा डबा उचलला आणि रामाकाकाकडं गेलो. "केसांना तुम्ही हात लावायचा नाही," मी बजावलं. "ते काव्य आहे."

"लावा मग तुमीच," म्हणून काका खुशाल आडवा झाला.

मेण त्या दिवशी भलतंच कडक वाटत होतं. वाकवलं की कडकन तुटायचं. मी म्हटलं, थंडी असेल. (चैत्रात!) शेवटी पाणी लावून लावून एकेक तार चिकटवली, वर माती लिंपली आणि मूर्ती भट्टीच्या हवाली केली.

दुसऱ्या दिवशी सोलापूरच्या रस्त्यानं येणारी सर्व्हिस मोटार जन्मात पहिल्यांदा वेळेच्या आधी आली. अव्वाची तारांबळ उडाली. शेवया तुपावर परतायला सवड कुठली? एक डोळा दाराच्या फटीतून पाहुण्यांवर ठेवून तिनं उरलेला डबा थेट उकळत्या दुधात रिकामा केला. वळून बघते तर शेवया गायब!

"अगं बाई! एवढ्या बारीक झाल्या की इरगळल्याच!" असं म्हणून तिनं अभिमानानं वर वेलदोडा घातला.

खीर निवायला ठेवली तशी वर जाडजूड पिवळी साय धरली. अशी साय आमच्या म्हशीनं कधी दिली नव्हती. आता साय कुणाला वाढायची? मानाच्या पाहुण्याला! अव्वानं सगळीच्या सगळी मल्लप्पामामाच्या वाटीत घातली. बाकीच्यांच्या वाटीत नुसतं गोड दूध आलं.

मामा सायीचा भुकेला. त्यानं दोन घासांत वाटी साफ केली आणि आल्या कामाला हात घातला. "बगा पाव्हणं, खरं सांगायचं तर ही सोयरिक..."

आणि थांबला.

"ही सोयरिक काय?" अप्पांनी विचारलं.

मामाचे डोळे मोठे झाले. जबडा हलेना. मेण टाळूला बसलं होतं आणि राळेनं वरचे दात खालच्या दातांना घट्ट चिकटवले होते. त्यानं मान डावीकडं केली, उजवीकडं केली, गाल फुगवले, बोट घालून बघितलं. सासरे म्हणाले, "मल्लप्पा, बोल की! एरवी तर थांबत न्हाइस." मामाच्या तोंडून नुसती वाफ निघाली. मी दारामागून बघत होतो. हा आता उठून जाणार आणि गिरिजा गेली हातची!

मामा इकडंतिकडं बघू लागला. दातातलं काढायला काहीतरी टोकदार, काहीतरी कडक पाहिजे होतं. समोर ताट होतं. ताटात विडा होता. विड्याला लवंग टोचलेली होती.

मामानं झडप घालून विडा उचलला!

"उचलला!" अप्पा ओरडले.

"इडा उचलला!" सासरे उठून अप्पांच्या गळ्यात पडले. "मल्लप्पा, मन मोठं हाय रं तुजं! एक शबूद न बोलता उचललास!"

अव्वानं साखर वाटायला सुरुवात केली. मामा बिचारा लवंगेनं दात कोरत दोन्ही हातांनी "नाही नाही" करत होता, तर सासरे म्हणाले, "आता साखर न्हाय म्हणू नगंस," आणि चिमूटभर साखर त्याच्या ओठांवर दाबली.

इतक्यात रामाकाका फडक्यात गुंडाळलेली मूर्ती घेऊन हजर. "बगा मंडळी, मालकांची कविता!" असं म्हणून त्यानं फडकं ओढलं.

पाट होता, हात होते, नाकडोळे तर अगदी गिरिजाचे होते. डोकं मात्र तुळतुळीत! मेण वितळून वाट मोकळी करून देतं, पण गहू जळून कोळसा होऊन तिथंच हटून बसला होता. कासं जाणार कुठून? माझं सगळं काव्य भट्टीत करपलं होतं.

अव्वा मूर्तीकडं बघत राहिली, मग फळीकडं, मग माझ्याकडं. तिला सगळं एकदम उमगलं. ती आत गेली आणि मामासाठी गरम पाण्याचा तांब्या घेऊन आली. चार चुळा भरल्यावर मामाला वाचा फुटली.

"ही माजी भाची? केस कुठं हायत हिचं? आन् म्या इडा उचललाच न्हाय! दात कोराया..."

"मल्लप्पा, साकु! बास झालं!" सासरे गरजले. "समद्यांनी बघितलंय. उचलला म्हंजी उचलला." मग त्यांनी मूर्ती दोन्ही हातांनी तोलून धरली आणि माझ्याकडं पहिल्यांदाच कौतुकानं बघितलं. "वजन हाय हं कवितेला."

लग्न झालं. गिरिजा घरी आली, तिनं देवळीत बघितलं आणि विचारलं, "ह्या कोण?"

"तू," मी म्हटलं.

तिनं मूर्ती उचलून डोळ्यांपुढं धरली. मग तिनं पेटीतून खणाचा तुकडा काढला, बसल्या बसल्या तान्ह्या बाळाला घालतात तशी एक छोटी कुंची शिवली आणि मूर्तीच्या डोक्यावर घातली. "लोकं काय म्हणतील, कवीची बायको आन् बोडकी?" म्हणाली आणि इतकी हसली, इतकी हसली की डोळ्यांवर आलेली बट मागं सारायचंही तिला भान राहिलं नाही. कविता करावी असं फार वाटलं. पण मी गप्प बसलो. त्या दिवसापासून सुखी आहे.

तेव्हापासून दर दिवाळीला टकल्या बाईला नवी कुंची मिळते. गिरिजाचे केस अजून कंबरेपर्यंत आहेत. (माझ्या केसांचं विचारू नका.) यंदा थंडी जरा जास्तच पडली म्हणून तिनं एकाच खणातून दोन कुंच्या शिवल्या. एक देवळीत गेली. दुसरी डोक्यावर घालून, बंद हनुवटीखाली नीट बांधून, मी हे लिहितो आहे.