पुसायचा शब्द

नेरला आमच्या गल्लीत मराठीची शिकवणी घेणाऱ्या बाई एका जागी बसत नाहीत. खडू वाजवत त्या मुलांमधून फिरत असतात. एकाला फळ्यावर कवितेची ओळ लिहायला लावतात आणि बाकीच्यांकडून तिच्यातला नको तो शब्द पुसवतात. "काम न करणाऱ्या शब्दाले फुकट कायले पोसाचं?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

परीक्षा जवळ आली तरी निबंध सुरू झाले नव्हते, म्हणून मी मुलीला त्या शिकवणीतून काढायला गेलो. ओसरीत दंगा चालला होता.

"मॅडम, मांजर पुसा!"

"काहून बे? तेच तं भारी हाय!"

फळ्यावर माझ्या मुलीच्या अक्षरात होतं : बाबा घरी आले की टीव्ही गप्प, आई गप्प, मांजर गप्प.

मला पाहताच सगळी मुलं गप्प झाली. मुलीने मान खाली घातली. बाईंनी माझ्या हातात फडकं दिलं. "सांगा भाऊ, यातला कोणता शब्द फुकटचा हाय?"

मला पहिलाच पुसावासा वाटला. ओळ पुन्हा वाचली. एकेक शब्द काम करत होता. ज्या कामाला आलो होतो ते न काढता मी फडकं परत दिलं आणि निघालो. फाटकाबाहेर पडलो, तसा मागे पुन्हा दंगा सुरू झाला.