एका वायरीचा आरसा

मुलुंडला आमच्या समोरच्या घरात राहणारा हा माणूस प्रत्येक वाक्याला स्वतःच 'झकास ना?' विचारतो आणि स्वतःच 'झकास!' म्हणतो. त्याने घरीच वेळ आणि हवामान दाखवणारा आरसा बनवला. मागे जुना मॉनिटर, छोटा कॉम्प्युटर. पण भिंतीच्या प्लगपर्यंत वायर एकच. "दोन लोंबल्या तर आरसा कसला रे, गणपतीचा मंडप!"

पण बाहेर पडताना त्याची बायको, आमच्या वहिनी, सवयीने भिंतीवरचं बटण बंद करायच्या आणि आरसा विझायचा. मला वाटलं, आता भांडण. याने फक्त आरसा सुरू होताना दिसणारी ओळ बदलली.

काल मी त्यांच्या दारातच होतो. वहिनी बाजारातून आल्या, बटण दाबलं. आरशात अक्षरं उजळली: 'आलीस? चहा ठेवू?'

"ठेव की!" वहिनी आरशालाच म्हणाल्या.

आतून चहासाठी आलं किसता किसता हा ओरडला, "झकास ना?"

यावेळी उत्तर वहिनींनी दिलं. "झकास!"