एक माणूस जास्त

गाइडच्या धंद्यात पहिला धडा मोजण्याचा. इतिहास त्यानंतर. कुठल्या राजाने कुणाचं डोकं उडवलं हे चुकलं तरी निभावतं, राजा काही तक्रार करायला येत नाही. पण सकाळी बावीस माणसं बसमधून उतरली आणि संध्याकाळी एकवीसच चढली, तर गाइडची धडगत नसते. म्हणून छत्रीवाली ठिकाणावर पोचल्यावर मोजायची, निघताना मोजायची, आणि मधे कुणी बाथरूमला जाऊन आलं की पुन्हा पहिल्यापासून मोजायची. बाकीचे गाइड हातात झेंडा धरत, ती मिटलेली पिवळी छत्री डोक्याच्या वर धरायची. त्यावरून तिला हे नाव पडलं. सत्तावीस वर्षं छत्री उंच धरून तिचा उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर वर चढला होता.

त्या दिवशी अकरा वाजता ती राजवाड्यासमोरच्या चौकात उभी होती. पहारा बदलायची वेळ. राजघराणं संपून शंभरावर वर्षं झाली तरी पहारा बदलतोच. माणसं बघायला येतात म्हणून शिपाई उभे, आणि शिपाई उभे म्हणून माणसं येतात. चौकात चार-पाच टोळकी आपापल्या गाइडभोवती दाटून उभी होती. तिची बावीस माणसं फोन उंचावून शिपायांची पावलं टिपत होती, तेवढ्यात तिच्या खिशातला फोन थरथरला. तिच्या घराच्या खाली राहणारी शिंपीणबाई होती.

"ताई, तुमचं दार सताड उघडं आहे. आई आत नाहीत."

"बाथरूममध्ये बघितलंत?"

"सगळीकडे बघितलं, गच्चीवर पण जाऊन आले. बाहेरच्या चपला इथेच आहेत, घरातल्या सपाता घालूनच गेल्यात. निळा स्वेटर खुंटीवर नाही. मी जरा एक माप घ्यायला आत वळले हो, तेवढ्यात..."

समोर शिपाई टाचा आपटत होते आणि ते तिला दिसत नव्हते.

तिची आई म्हणजे एके काळची तिकीटबाई. याच राजवाड्याच्या तिकीटखिडकीत एकतीस वर्षं बसली. नवरा लवकर गेला, दोन मुलं त्या खिडकीच्या जोरावर वाढवली. लाखो लोकांना आत सोडलं, पण स्वतः कधी राजवाडा बघायला गेली नाही. "कामाची जागा काय बघायची?" म्हणायची. दोन वर्षांपूर्वी ती विसरायला लागली. आधी नावं गेली, मग वार गेले, मग एकदा गॅस उघडा राहिला. मुलगा परगावी, तो फोनवरून भरपूर सल्ले द्यायचा. उरली छत्रीवाली. कामावर जाताना ती बाहेरून कुलूप लावायची आणि दिवसभर ते कुलूप तिचा जीव खायचं. त्या सकाळी आईने दारात तिचा हात धरला आणि अगदी पूर्वीच्या आवाजात म्हणाली, "मी चोर आहे का गं? कोंडतेस कशाला?" छत्रीवालीला राहवलं नाही. एकच दिवस, म्हणाली. शिंपीणबाईला लक्ष ठेवायला सांगितलं आणि कुलूप पिशवीत टाकलं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी तिची गत झाली होती, आणि आज तिने सोडलं होतं.

तिने ऑफिसला फोन लावला. साहेब म्हणाले, "आत्ता, मधेच? दुसरा गाइड काय खिशातून काढू? हे बघा बाई, कामात आईचे फोन घेता म्हणून दोन तक्रारी आहेत तुमच्या नावावर. तिसरी आली की यादीतून नाव गेलं. पोलिसांना कळवा." पोलिसांनी उंची विचारली, रंग विचारला, बघतो म्हणाले. मग तिने ओळखीच्या सगळ्या गाइडना फोन केले. शेवटचा तुतारीला. तो बोलतो तेव्हा कबुतरं उडतात, म्हणून तुतारी.

"निळ्या स्वेटरातली म्हातारी? नाही बुवा," तो ओरडला. "माझी माणसं आत्ताच मोजलीत. एकही कमी नाही. राजवाड्यात शिरतोय, दिसल्या तर कळवतो."

नोकरी गेली तर आईला पोसायचं कशावर? आणि आईच गेली तर नोकरी करायची कुणासाठी? छत्रीवालीने डोळे पुसले, बावीस मोजले आणि छत्री वर केली. कार्यक्रमाप्रमाणे आता उजवीकडे वळून खजिन्याचं दालन बघायचं होतं. ती डावीकडे वळली.

"मंडळी, आज तुम्हाला असं शहर दाखवते, जे कुणाला दाखवत नाहीत."

मंडळी खूश झाली. गल्लीच्या तोंडाशी एक बसकी पिवळट इमारत होती. "हे राजवैद्याचं घर," छत्रीवाली म्हणाली. "इथल्या काढ्याने तीन राण्या बऱ्या झाल्या. थांबा हं, आत जायची परवानगी आणते." ती धावत आत गेली. तो सरकारी दवाखाना होता, आई तिथून रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायची. छत्रीवालीने प्रत्येक बाकावरचा प्रत्येक चेहरा बघितला, औषधं देणाऱ्याला विचारलं. नाही. बाहेर आली तर तिची माणसं लसीकरणाच्या वेळांच्या पाटीसोबत फोटो काढत होती.

पुढे लाँड्री. तिथे राणीसाहेबांचे पोशाख धुतले जात, असं तिने सांगून टाकलं. लाँड्रीवाल्याने इस्त्री उचलून धरली आणि मान हलवली. आई तिकडे आली नव्हती. मग बसथांबा. आई एकतीस वर्षं तिथून कामाला जायची. थांब्यावर एक पोरगी आणि एक कुत्रा, बाकी कुणी नाही. "इथूनच शेवटचा राजा वेष पालटून पळाला," छत्रीवाली म्हणाली.

"बसने?" मागून कुणीतरी विचारलं आणि सगळे हसले.

टोळीत एक निवृत्त मास्तर होते. हातात शहराचं जाडजूड पुस्तक, त्यात कागदाच्या खुणा. ते पुढे आले. "बाई, हे काही पुस्तकात नाही."

"नाही म्हणूनच दाखवतेय, मास्तर."

सत्तावीस वर्षांत तिने एक सनसुद्धा चुकवला नव्हता. इतर गाइड भुताखेतांच्या गोष्टी सांगून टाळ्या घेत, ती नाही म्हणायची. जे झालं तेच सांगायचं. आणि आज ती दर वळणावर थाप मारत होती. लाज वाटायलाही तिला सवड नव्हती. बेकरी बघितली, बाग बघितली. जुनी तिकीटखिडकीही बघितली. तिला आता फळ्या ठोकल्या होत्या आणि शेजारी तिकिटं देणारं यंत्र उभं होतं. एक वाजला, दोन वाजले. शिंपीणबाईचा फोन आला की जीव उडायचा, आणि ती म्हणायची, "नाही हो अजून."

उरली नदी. नदीचा विचार छत्रीवाली सकाळपासून मागे ढकलत होती. दगडी पुलावर पोचल्यावर तिने कठड्यावरून खाली बघितलं आणि पुलाच्या खांबाशी, पाण्यात अडकून हेलकावणारं काहीतरी निळं तिला दिसलं.

"या पुलाला सात कमानी—" ती म्हणत होती. पुढचं वाक्य आलंच नाही. छत्री हातातून पडली. ते निळं पाण्यात उलटलं, वळलं, आणि मग कळलं की प्लास्टिकच्या ताडपत्रीचा फाटका तुकडा आहे. पण तोवर कठडा धरून ती खाली बसली होती.

"माझी आई हरवलीय," ती म्हणाली. "सकाळपासून. मी तुम्हाला खोटं दाखवलं. राजवैद्य नाही, राणी नाही, काही नाही. मी तिला शोधत होते. करा माझी तक्रार."

मग टोपीवाला एक गृहस्थ घड्याळ बघून म्हणाला, "वाईट झालं हो. पण आपली तीनची नावेची फेरी चुकणार नाही ना?" त्याच्या बायकोने त्याच्याकडे असं बघितलं की त्याने टोपी काढून हातात घेतली. मास्तरांनी पुस्तक मिटून पिशवीत टाकलं, पडलेली छत्री उचलून तिच्या हातात दिली आणि विचारलं, "दिसतात कशा त्या?"

मग बावीस माणसं निळा स्वेटर शोधत नावेच्या धक्क्याकडे निघाली. तीनची नाव होतीच, आणि छत्रीवालीला आता शोधायला दुसरी जागा सुचत नव्हती. धक्क्यावर एक नाव परतत होती. तुतारीची टोळी. त्याने उतरणाऱ्या एकेकाच्या खांद्याला हात लावत मोजायला सुरुवात केली. आवाज धक्काभर घुमत होता. "अठ्ठावीस, एकोणतीस, तीस..." आणि मग हळूच, "एकतीस?"

एकतिसावी म्हातारी होती. पायांत घरातल्या सपाता, अंगात फुगीर लाइफ जॅकेट, जॅकेटच्या गळ्यातून डोकावणारा निळा स्वेटर, आणि बाहीवर तुतारीच्या कंपनीचं गोल स्टिकर. नाकाचा शेंडा उन्हाने लाल झालेला आणि चेहरा असा खुललेला, की तसा छत्रीवालीने दोन वर्षांत बघितला नव्हता.

"सकाळपासून एकतीस भरतायत गं," तुतारी कपाळाला हात लावून म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता. "मला वाटलं, मी स्वतःलाच मोजतोय. चौकात स्टिकर वाटली, समोर आला त्याला लावत गेलो. माझ्याच टोळीत बघायचं सुचलंच नाही."

एक माणूस कमी भरलं तर गाइड शहर पालथं घालतो. एक जास्त भरलं तर कोण बघतो? आई अकरा वाजता त्याच चौकात होती, लेकीपासून वीस पावलांवर, शिपाई बघत. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो असा.

"आई!" छत्रीवालीने तिला घट्ट मिठी मारली.

आई अंग चोरून मागे सरली, पण हसून म्हणाली, "राजवाडा बघितलात का हो तुम्ही? आत काय सुंदर आहे! आरसेच आरसे. आवर्जून बघा."

"आई, मी आहे. चल, घरी चल."

"नाही बाई, माझे लोक तिकडे आहेत." छत्रीवालीने हात धरला तशी ती ओरडली, "सोडा! अहो, कोण तुम्ही? सोडा मला!" धक्क्यावरची माणसं वळून बघायला लागली. कुणीतरी म्हणालं, म्हाताऱ्या बाईला ओढता काय? चार तास तिला एकच भीती होती, आई सापडणार नाही. सापडून अशी मिळेल, ही भीती तिने घेतलीच नव्हती.

तिने हात सोडला. दोन पावलं मागे गेली, पिवळी छत्री डोक्यावर उचलली आणि रोजच्या आवाजात म्हणाली, "चला मंडळी, पुढचं ठिकाण! इकडून या, पायऱ्या जपून."

आई लगेच निघाली. तुतारीने खुणेनेच सांगितलं, तू जा, तुझे बावीस मी फिरवतो. मास्तर हात जोडून उभे राहिले.

वाटभर आई एक पाऊल मागे राहून प्रश्न विचारत होती आणि छत्रीवाली उत्तरं देत होती. आता खरी. "ही शाळा. या फाटकापाशी एक बाई रोज आपल्या मुलीला घ्यायला यायची. खिडकी बंद करून पळत यायची, तरी दहा मिनिटं उशीर." "अरेरे," आई म्हणाली. "पोरगी रडत असेल." "रडायची," छत्रीवाली म्हणाली.

शिंपीणबाई मशीन सोडून दारात आली. छत्रीवालीने मानेनेच तिला गप्प केलं. जिना चढून दोघी आत आल्या. दोन खोल्या, पलंग, गोळ्यांचा डबा, भिंतीवर मुलांचा जुना फोटो. आई हात पाठीमागे बांधून खोलीच्या मधोमध उभी राहिली, वस्तुसंग्रहालयात माणसं उभी राहतात तशी, कशालाही हात न लावता.

"इथं कोण राहायचं?"

"राजवाड्याची तिकीटबाई. एकटीने दोन मुलं वाढवली तिने."

"नीटनेटकी होती हो बाई."

"फार," छत्रीवाली म्हणाली.

आईने आतल्या खोलीत डोकावलं, खिडकी बघितली आणि वळली. "झालं ना सगळं बघून? आता मला घरी सोडा बाई. माझी मुलगी शाळेतून येईल. लहान आहे हो, तिच्याकडे किल्ली नसते."

छत्रीवाली काय करणार? तिने आईला खाली नेलं, इमारतीला वळसा घातला, बेकरीवरून दुसऱ्या बाजूने परत आणलं, पुन्हा जिना चढली. छत्री तिने जिन्याखाली ठेवून दिली होती. दार सबंध उघडून ती म्हणाली, "आलं घर, आई. हे बघ, तुझंच घर."

आईने दारातूनच आत बघितलं आणि तिचा चेहरा पडला. "अहो, हे आत्ताच बघितलं की आपण. पुन्हा पुन्हा तेच काय दाखवता? मला घरी जायचंय."

छत्रीवालीचा धीर सुटला. ती तिथेच वरच्या पायरीवर बसली आणि ओक्साबोक्शी रडायला लागली. आई थोडा वेळ उभी राहिली. मग कठडा धरत सावकाश तिच्याशेजारी टेकली आणि तिच्या पाठीवरून हात फिरवायला लागली.

"रडू नका बाई," ती म्हणाली. "तुमचं पण कुणी हरवलंय का?"

छत्रीवालीने हो म्हणून मान हलवली.