संजूची सही

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय, ते विचारू नका — माझं मलाच नीट कळलेलं नाही.

आमचा कारखाना पाटणच्या वाटेवर. पंपाची कव्हरं ओततो, साठेक माणसं. मालक थकले, त्यांची मुलं परदेशात, आणि पुण्याचा एक जण नुसत्या मशिनरीसाठी कारखाना घ्यायला टपलेला. मी तेव्हा तिथला मॅनेजर. ओतकामाचं सगळं विलासराव बघायचे. दोघांनी ठरवलं — त्यानं मोडून न्यायच्या आत आपणच घ्यायचा. लय धाडस होतं. मालक तयार झाले. बँकही झाली, फक्त दोघांनी आपापलं घर तारण द्या म्हणाली.

इथंच — थांबा, आधी संजूचं सांगतो.

संजू माझा धाकटा भाऊ, फौजेत होता. आमचं घर दोघांच्या नावावर, म्हणजे त्याची संमती लागणार. सुट्टीवर आला तसा मी स्टँपपेपर पुढं केला. पठ्ठ्यानं वाचलासुद्धा नाही. "तू बघितलायस न्हवं दादा?" म्हणाला, पूर्ण नावानिशी सही केली आणि जेवायला बसला. दोन दिवसांनी ड्युटीवर गेला.

तो कागद मी बँकेत नेलाच नाही. का? भ्यालो, दुसरं काय. कारखाना बुडाला तर डोक्यावरचं छप्पर जाईल — एवढंच दिसत होतं. विलासरावांना म्हणालो, "संजू न्हाई म्हणतोय. फौजी माणूस, त्याला आपला भरवसा वाटत न्हाई." इतकं सहज तोंडातून निघालं, की त्याचीच आता लाज वाटते. माझी भीती मी त्याच्या नावावर घातली. तो तिकडं सीमेवर — त्याला विचारायला कोण जाणार होतं?

विलासरावांनी स्वतःच्या घराबरोबर विहिरीजवळची वडिलांची जमीनही तारण लावली — माझ्या घराच्या जागी. सहा वर्षं त्यांनी घराला रंग दिला नाही. बँकेत पडलेल्या घराला रंग कशाला, म्हणायचे. त्या पोपडे आलेल्या भिंतींसमोर बसून मी त्यांचा चहा प्यायचो. माझ्या घराला तेवढ्या काळात दोनदा रंग झाला.

कारखाना चालला. त्यांचे कागद सुटून आले. मला वाटलं, मिटलं. मिटलं होतं का?

संजू रिटायर होऊन आला. आमच्या गेटवर सुपरवायझरची जागा होती, त्यानं हौसेनं अर्ज दिला. विलासरावांनी तो बाजूला सारला. ज्यानं आपल्यावर विश्वास ठेवला नाही त्याच्या हाती गेट कसं द्यायचं, एवढंच बोलले. मी समोरच होतो. एक वाक्य पुरलं असतं. मी फाइल चाळत राहिलो. संजू आता शिरवळला एका कंपनीच्या गेटवर असतो, खोली घेऊन राहतो. वीस वर्षं घरापासून लांब काढलेला माणूस — अजून लांबच.

परवाच्या खंडेनवमीला आला होता. त्या दिवशी भट्टी बंद असते, मशिनींची पूजा होते, सगळ्यांच्या घरची माणसं येतात. विलासराव स्वतः प्रत्येकाच्या हातावर पेढा ठेवत होते. संजूपाशी आले, ताट दुसऱ्याच्या हाती दिलं आणि पुढं गेले. कुणाच्या ध्यानातही आलं नसेल. संजूनं पुढं केलेला हात मात्र मी पाहिला.

परतताना तो माझ्या गाडीवर मागं बसला होता. "दादा, विलासरावांचं माझ्याकडनं काय चुकलं असंल?"

"स्वभावच हाय त्यांचा," मी म्हणालो.

"बरं," म्हणाला. माझं बोलणं त्यानं आजवर कधी तपासून बघितलेलं नाही.

स्टँपपेपर अजून माझ्या कपाटात आहे, इस्त्रीच्या कपड्यांखाली. सही स्वच्छ वाचता येते.