वालावरचा मावा आणि माझी राख

वालाच्या वेलावर काळा मावा पडला की भल्या सकाळी, पानांवर दव असतानाच, गोवऱ्यांची चाळलेली राख टाकावी. दव सुकल्यावर टाकली तर राख खाली मातीत आणि मावा जागच्या जागी. दोन दिवसांनी रिठ्याच्या पाण्याने पानं खालच्या बाजूने धुवावी, कारण ही जात नेहमी पानाच्या पाठीमागे बसते. बुंध्याशी मुंग्यांची रांग दिसली तर तिचा आधी बंदोबस्त करावा. मुंग्या माव्याचा गोड चिकटा खातात आणि त्याला गाय पाळल्यासारखं पाळतात. हे सगळं मी आमच्या गल्लीतल्या बायकांना तीन हिवाळे शिकवलं. मी प्राथमिक शाळेत शिकवते, त्यामुळे शिकवताना आवाज जरा चढतोच. बायका ऐकून घ्यायच्या, मान हलवायच्या, राखेची पुडी घेऊन जायच्या. मला वाटायचं, शिकतायत.

भिलाईत आमचं क्वार्टर तळमजल्याचं, त्यामुळे मागे बाडी मिळाली. दोन गुलाब, शेवंती, वांगी, आणि न्हाणीघराच्या भिंतीवर चढवलेला वालाचा वेल. इथे वालाला सेमी म्हणतात आणि हिवाळ्यात ती ज्याच्या त्याच्या कुंपणावर लटकलेली असते. पहिल्या वर्षी माझा वेल जांभळ्या फुलांनी भरला आणि डिसेंबरात ढगाळ हवा आली. आठ दिवसांत शेंडे काळेकुट्ट, पानं चिकट, फुलं गळालेली. एक शेंग हाती लागली नाही. वेल उपटताना मला रडू आलं. लोक हसतील, पण आलं. दोन दिवस धड जेवले नाही.

त्यावर नवऱ्याचं म्हणणं सरळ होतं. ते गोंदियाकडच्या शेतकऱ्याच्या घरातले, आता प्लांटमध्ये शिफ्ट करतात. पावर हाउस भागातल्या बाजारात बी-औषधाच्या दुकानात जाऊ, बाटली आणू, फवारू, संपलं. मी म्हटलं, घरच्या बाडीत विष मारायचं असेल तर बाजारातलीच भाजी काय वाईट आहे? माझी आई राख टाकायची, मीही राखच टाकीन. वाद घालणं त्यांच्या स्वभावातच नाही, आणि हा गुणच आहे असं मी बरीच वर्षं समजत होते.

पुढच्या हिवाळ्यात मावा दिसला, मी राख टाकली, आणि आठवड्यात मावा गेला. त्याच्या पुढच्या वर्षी तसंच. राखेच्या तिसऱ्या वर्षीही. वेल असा लदबदला की आम्हा दोघांना शेंगा संपेनात, मग मी घरोघर वाटायला लागले. देताना एक वाक्य ठरलेलं असायचं, याला औषधाचा थेंब लागलेला नाही, डोळे मिटून खा. त्या तिसऱ्या वर्षी शेजारणीची मुलगी बाळंतपणाला आली होती. शेजारीण इथलीच, छत्तीसगढची, आमची भिंतीला भिंत. तिच्या लेकीसाठी मी कोवळ्या शेंगा एकेक निवडून द्यायची. पोटात मूल असलेल्या बाईला मी शब्द देऊन खाऊ घालते आहे, याचा मला अभिमान होता. शाळेतल्या बायकांनाही मी हे सांगितलेलं आहे.

राखेच्या चौथ्या हिवाळ्यात धाकट्या दिराचा पाय मोडला. गावी धान कापून पडलेलं, मळणीला माणूस नाही, म्हणून नवरा तीन आठवड्यांची रजा टाकून गेला. ते रोज फोन करायचे. भावाच्या पायाचं दोन वाक्यांत सांगून झालं की विचारायचे, वेल कसा आहे? मावा आला का? मला फार बरं वाटायचं. म्हटलं, चला, इतक्या वर्षांनी यांना बाडीची गोडी लागली.

मावा आला. मी राख टाकली. आठवडा गेला, तो वाढला. मी पुन्हा राख टाकली, रिठा टाकला, मिरची-लसूण वाटून टाकलं, शाळेत जायच्या आधी बोटांनी शेंडे पुसून काढले. संध्याकाळी पाहावं तर पुन्हा काळे. मग माझा राग राखेवर निघाला. राख मी दूधवाल्याकडून घेत असे, त्याच्याकडे गोवऱ्या जळतात. त्याला दारात उभं करून सुनावलं की तू राखेत माती मिसळतोस. तो बिचारा म्हणाला, दीदी, राख में कौन मिलावट करेगा. तरी मी ऐकलं नाही. आज त्या माणसासमोर मला मान वर करता येत नाही.

शेवटी पाण्याच्या जोरदार धारेने मावा झाडून काढावा म्हणून मी रबरी पाइप शोधायला लागले. पाइप न्हाणीघराच्या माळ्यावर होता. त्याच्या मागे नवऱ्याच्या जुन्या सेफ्टी शूजचा खोका. खोक्यात गमच्यात गुंडाळलेली अर्धी बाटली, हाताने मारायचा छोटा पंप, आणि सर्दीच्या औषधावर येतं ते मापाचं झाकण. चष्मा लावून वाचलं. कोणत्या किडीसाठी, त्यात मावा पहिलाच. खाली बारीक अक्षरात, फवारल्यावर अमुक दिवस तोडणी करू नये.

मी तिथेच स्टुलावर बसले. माझी सकाळची शाळा, त्यांची दुपारची शिफ्ट. आठवड्यातले कितीतरी दिवस बाडी आणि ते, दोघंच असायचे. 'आज नको तोडू, शेंगा भरू दे' असं ते मधूनच म्हणायचे, आणि मी कौतुकाने ऐकायची. आणखी एक गोष्ट डोळ्यांपुढे आली, तिने तर मला माझीच लाज वाटली. माव्यामागे लाल पाठीचे, काळ्या ठिपक्यांचे ढालकिडे येतात, ते मावा खातात. तिसरीच्या मुलांना मी हे फळ्यावर चित्र काढून शिकवते. माझ्या वेलावर तीन वर्षांत एक ढालकिडा आला नव्हता आणि मला त्याचं काही वाटलं नव्हतं. वर शेंगा दिसत होत्या ना.

पण त्या क्षणी नवऱ्याच्या रागापेक्षा धास्ती मोठी होती. शेजारणीची लेक. बाळ आता सात-आठ महिन्यांचं होतं, तिच्या सासरी नीट होतं. पण मी शब्द दिला होता. दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी तिच्याकडे गेले, तिने चहा ठेवला, मी तो घेतला नाही. उभ्यानेच सांगितलं की सेमीवर औषध मारलेलं होतं, मला माहीत नव्हतं, मला माफ कर.

तिने गॅस बारीक केला. माझ्याकडे पाहिलं नाही.

"दीदी, हमको तो मालूम था."

तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून आमची बाडी दिसते. राखेच्या पहिल्याच वर्षी तिने माझ्या नवऱ्याला फवारताना पाहिलं होतं. त्यांनी हात जोडून सांगितलं, भाभी, तिला बोलू नका, तिचं मन मोडेल. फवारलं की चार-पाच दिवस शेंगा शिजवू नका, एवढंच. मग हिने पलीकडच्या बाईला सांगितलं, तिने वरच्या मजल्यावर. सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. बायका माझ्याकडून शेंगा घ्यायच्या, राखेचं कौतुक करायच्या, आणि घरी जाऊन शेंगा बाजूला ठेवायच्या. मी विचारलं, आणि मुलीसाठी निवडून दिलेल्या? ती ओशाळली. त्या टाकून द्यायचो, म्हणाली. मुलीसाठी बाजारातून आणायचो.

बाजारातून! तिथे काय वेलांवर गंगाजळ शिंपडतात? पण हे मी मनातच म्हटलं. मुलीला काही झालं नाही या विचाराने हलकं वाटायला हवं होतं, थोडं वाटलंही. त्याहून जास्त काय वाटलं ते सांगते. तीन वर्षं मी या गल्लीत राखेची पुडी वाटत फिरत होते आणि माझी पाठ वळली की बायका एकमेकींकडे पाहत होत्या. कोणी वाईट हेतूने केलं नाही, हे कळत होतं. वाईट हेतू असता तर भांडता तरी आलं असतं.

नवरा चौथ्या दिवशी आला. मी बाटली चहाच्या कपाशेजारी ठेवली होती. ते खुर्चीवर बसले, बाटलीकडे पाहिलं, चहा प्यायले. मग म्हणाले,

"पहिल्या साली वेल गेला तवा तू दोन दिवस जेवली नाही. मले पाहवलं नाही. तुले विचारलं असतं तर फवारू दिलं असतं का?"

"नसतं दिलं."

"मग वेल मेला असता."

"मेला असता तर मेला असता," मी म्हटलं. "मी तं खोटी पडली नसती."

त्यांनी ते माझ्या सुखासाठी केलं, हे मला मान्य आहे. पण मला लहान मूल समजून केलं, आणि तेही सगळ्या गल्लीला सामील करून, हे मी विसरू शकत नाही. संध्याकाळी त्यांनी हळूच विचारलं, आता एकदा मारू का, वाचेल अजून. मी नको म्हटलं. काळे पडलेले शेंडे कात्रीने कापले, पिशवीत बांधून टाकले, उरलेला वेल पाण्याच्या धारेने रोज धुतला. जानेवारी सरता सरता दोन ढालकिडे आले, मग पाच-सहा. तोवर अर्ध्याहून जास्त वेल वाळला होता.

त्या हिवाळ्यात शेंगा मिळाल्या त्या मूठभर. कोणाला द्यायचा प्रश्नच नव्हता. दोन बटाटे घालून भाजी पुरी पाडली, आणि खरं सांगायचं तर तिच्यात वालापेक्षा बटाटाच लागत होता. दुपारी आम्ही दोघं जेवायला बसलो. नवऱ्याने पहिला घास घेतला, दुसरा घेतला, आणि म्हणाले, भाजी मस्त झाली.

सव्वीस वर्षं हे वाक्य ऐकत आले आहे. त्या दुपारी पहिल्यांदा मी हातातली भाकर ठेवली आणि त्यांच्या तोंडाकडे नीट पाहिलं, खरं बोलून राहिले की काय ते.